दगडफूल, कोदो आणि बुरशीची मूक जनुके

रायपूरच्या गोल बाजारात मसाल्याच्या दुकानी दगडफूल मिळते आणि धान्याच्या दुकानी कोदो, म्हणजे महाराष्ट्रातील कोद्रा किंवा हरीक. दोन्हींचा संबंध बुरशीच्या रसायनशाळेशी आहे.

दगडफूल ही वनस्पती नव्हे. बुरशी आणि शैवाल यांच्या सहजीवनातून ते घडते. पार्मोट्रेमा टिंक्टोरम ही दगडफुलाची जाती लेकॅनोरिक आम्ल तयार करते. हे आम्ल दगडफूलवर्गाचीच खूण मानले जाई. मात्र 2009 मध्ये जर्मनीतील येना येथील संशोधकांनी ॲस्परजिलस निड्युलन्स या जमिनीतील बुरशीकडून ते बनवून घेतले. त्यांनी ही बुरशी 58 ॲक्टिनोमायसिट जीवाणूंच्या संचाबरोबर वाढवून पाहिली. एका विशिष्ट स्ट्रेप्टोमायसिसच्या सान्निध्यात तिचा निद्रिस्त जनुकसमूह जागा झाला, आणि तोही प्रत्यक्ष स्पर्श झाल्यावरच. पुढे 2011 मध्ये यामागील यंत्रणा उलगडली: जीवाणूच्या स्पर्शाने बुरशीच्या हिस्टोन प्रथिनांवर ॲसिटिल गट चढतात, डीएनएची घट्ट गुंडाळी सैल होते आणि जनुके वाचली जाऊ लागतात.

बुरशीच्या जनुकसंचात असे मूक समूह अनेक असतात. ॲस्परजिलस फ्लेव्हसमध्ये दुय्यम संयुगांचे पन्नासहून अधिक जनुकसमूह आहेत. त्यांतील बहुतेकांची उत्पादने अज्ञात आहेत. नवी प्रतिजैविके व कीटकनाशके तेथे शोधली जात आहेत, आणि हा शोध योग्यच आहे. परंतु जागे होणारे प्रत्येक जनुक उपकारक असेलच असे नाही.

कोदो याची साक्ष देतो. पीक पक्व होताना पाऊस झाला, किंवा कणसे ओली राहिली, की दाण्यांवर ॲस्परजिलस वाढते आणि सायक्लोपियाझोनिक आम्ल तयार होऊ शकते. त्याची जनुके ॲफ्लाटॉक्सिनच्या जनुकसमूहाला लागूनच आहेत. असा कोदो खाल्ल्यास गुंगी, ओकारी व कंप होतो. मध्य भारतात त्याला ‘मतौना कोदो’ म्हणतात. ऑक्टोबर 2024 च्या अखेरीस बांधवगड व्याघ्र प्रकल्पात 10 हत्ती दगावले, तेव्हा इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेच्या तपासणीत हेच आम्ल आढळले. बुरशीला जागे करण्यासाठी येथे कोणतीही प्रयोगशाळा लागली नाही, ओलावा पुरला. कापणीनंतर कोदो त्वरित वाळवून ओलावा 12 टक्क्यांच्या आत आणणे, काळवंडलेले दाणे वेगळे काढणे आणि ते जनावरांनाही न घालणे, हाच शेतकऱ्याच्या हातातील उपाय आहे.

कीड नियंत्रणात प्रश्न उलटा असतो. हुमणीविरुद्ध वापरले जाणारे मेटारायझियम कृत्रिम माध्यमावर वारंवार वाढविले की त्याची रोगकारकता क्षीण होत जाते. तेथे त्याला किडीचे कवच भेदावे लागत नाही. जिवंत किडीतून पुन्हा नेल्यास ती रोगकारकता बहुधा परत येते. म्हणून जैविक उत्पादन घेताना पाकिटावरील उत्पादन दिनांकाबरोबरच, मूळ संवर्धन किडीवर अखेरचे केव्हा तपासले, हेही विक्रेत्याला विचारावे.