दोन सामन्यांमधले तीन दिवस

३ मार्च २०२४ रोजी वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर शार्दूल ठाकूर याने रणजी करंडकाच्या उपांत्य सामन्यात तामिळनाडूविरुद्ध १०९ धावा काढल्या. मुंबईचे सात गडी १०६ धावांत परतले असताना झालेले हे शतक त्याचे प्रथम श्रेणीतील पहिलेच. दिवसअखेर वार्ताहरांशी बोलताना त्याने मात्र विषय काढला तो निराळा. दोन सामन्यांत तीनच दिवसांचे अंतर ठेवून मुले आणखी दोन हंगाम अशीच खेळत राहिली, तर देशभर दुखापती वाढतील, असे त्याने बजावले. शतकवीर बोलला म्हणून त्याची दखल घेतली गेली; एखाद्या नवख्या गोलंदाजाने हेच म्हटले असते तर ती कुरकुर ठरली असती.

हिशेब मांडून पाहावा. तो हंगाम ५ जानेवारीला सुरू झाला आणि १४ मार्चला संपला. दिवस झाले ७०. अंतिम फेरी गाठून ४२व्यांदा करंडक जिंकणाऱ्या मुंबईच्या वाट्याला साखळीतील सात चार-दिवसीय आणि बाद फेरीतील तीन पाच-दिवसीय सामने आले. कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे खेळाचे दिवस ४३. उरलेल्या २७ दिवसांतच प्रवास, विश्रांती, मालिश, सराव आणि पुढच्या प्रतिस्पर्ध्याचा विचार. सामना लवकर आटोपला तरच पदरात एखाददुसरा दिवस जास्त. पूर्वी गटात नऊ संघ असत, तेव्हा प्रत्येक फेरीत एका संघाला आपोआप सुट्टी मिळे. आठ संघांच्या गटात तीही गेली. अंतिम सामना संपल्यावर आठव्या दिवशी, २२ मार्चला, आयपीएल सुरू झाले.

फलंदाज बाद झाला की सावलीत बसतो. जलदगती गोलंदाजाला ती मुभा नाही. दिवसात वीस षटके म्हणजे १२० वेळा धाव घेऊन पुढचा पाय जमिनीवर आपटणे, आणि दर वेळी शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार घोट्यातून, गुडघ्यातून कंबरेच्या मणक्यांपर्यंत जाणे. स्नायूंचा ठणका दोनतीन दिवसांत ओसरतो. हाडाला पडलेला ताण इतक्या लवकर भरून येत नाही. तो भरण्याआधीच नवा ताण पडत गेला की केसासारखी चीर जाते. कोवळ्या वयात हाडे पुरती पक्की झालेली नसल्याने हा धोका अधिक. शिवाय नुसती विश्रांती हाही उपाय नव्हे. महिनाभर वीस षटकांच्या सामन्यांत चारच षटके टाकणाऱ्याला एकदम पंचवीस षटके टाकायला लावणे, हेही तितकेच घातक. भार चढवावा लागतो तो पायरीपायरीने.

ज्या खेळात माणसे एकमेकांवर अक्षरशः आदळतात, त्या रग्बीला हे आधी उमगले. जागतिक रग्बी संघटनेने २०२१ मध्ये खेळाडूंच्या संघटनेसह शिफारस केली की, व्यावसायिक संघांनी सरावातील पूर्ण अंगझोंबी आठवड्याला १५ मिनिटांपुरतीच ठेवावी. सामन्यातली टक्कर टळत नाही, म्हणून सरावातली आवरायची. आपल्याकडे मात्र सराव जितका जास्त तितका खेळाडू कष्टाळू, ही समजूत अजून गेलेली नाही.

क्रिकेट मंडळाने शार्दूलचे म्हणणे अगदीच वाऱ्यावर सोडले असे नाही. २०२४-२५ चा रणजी हंगाम दोन टप्प्यांत विभागला गेला. बाद फेरीच्या सामन्यांमध्ये चार-पाच दिवसांचे अंतर आले. साखळीच्या पहिल्या दोन फेऱ्या मात्र ११ आणि १८ ऑक्टोबरला, म्हणजे मध्ये पुन्हा तीनच दिवस. शार्दूलच्या पायावर जून २०२४ मध्ये शस्त्रक्रिया झाली. तिचा संबंध थेट त्या दहा आठवड्यांशी जोडणे घाईचे ठरेल. त्याचे पायाचे दुखणे जुने होते.

रणजी खेळाडूंची षटके मोजायला निदान फिजिओ असतात. बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपरच्या चौदा वर्षांच्या गोलंदाजाची षटके कोण मोजतो? तो शनिवारी क्लबकडून खेळतो, सोमवारी शाळेकडून, रोज संध्याकाळी नेटमध्ये. तिन्हीकडचे प्रशिक्षक आपापल्या ठिकाणी समंजस असतात, पण प्रत्येकाला दिसतो तो आपल्यापुरताच भाग. त्यातच आझाद मैदानावरच्या सामन्यासाठी पाठीवर किटबॅग घेऊन गर्दीच्या लोकलमध्ये उभे राहणे आले. ते कोणी कष्टांत धरतच नाही. शार्दूलही शाळकरी वयात पालघरहून रेल्वेने ये-जा करीत असे. प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्याला बोरिवलीच्या शाळेत घातले आणि आपल्याच घरी ठेवून घेतले. भारनियोजन हा शब्द तेव्हा कोणी उच्चारला नसेल, पण एका मुलाच्या अंगावरचा रोजचा काही तासांचा प्रवास त्यांनी उतरवला, हे नियोजन नाही तर काय?

इंग्लंडच्या मंडळाने तेरा वर्षांखालील जलदगती गोलंदाजासाठी एका वेळी पाच आणि दिवसात दहा षटकांची मर्यादा आखून दिली. उपनगरांतल्या क्रीडाशिक्षकांना एवढ्यासाठी यंत्रे लागणार नाहीत; मुलाच्या किटबॅगेत एक वही पुरेल. मात्र शनिवारी क्लबसाठी टाकलेली षटके त्या वहीत लिहिली गेली पाहिजेत, आणि सोमवारी त्याच्या हाती नवा चेंडू देण्यापूर्वी शाळेच्या शिक्षकांनी ती वाचली पाहिजेत.