हा नारायण कोण?

बालमित्रांनो, पाकिटावर 'नारायण पेठ, पुणे' असा पत्ता तुम्ही वाचला असेल. पण हा नारायण कोण, असं कधी विचारलंत का?

हे नारायणराव पेशवे. थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत मुठेकाठी ही पेठ वसली आणि तिला त्यांच्या धाकट्या भावाचं नाव मिळालं. तेव्हा नारायणराव जेमतेम तुमच्याएवढे असतील! पुढे १७७२ साली ते पेशवे झाले. पण ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी त्यांना मारलं. वय अवघं अठरा वर्षांचं. माणूस गेला, नाव राहिलं.

इथला मोदी गणपती ठाऊक आहे ना? मोदक आवडतात म्हणून तो मोदी? छे! तिथे खुश्रूशेट मोदी नावाच्या पारशी गृहस्थांची बाग होती. बाग कधीच गेली, पण बाप्पानं मोदींचं नाव सांभाळलं.

याच पेठेत केसरीवाडा आहे. तो मूळचा बडोद्याच्या गायकवाडांचा. १९०५ साली लोकमान्य टिळकांनी तो विकत घेतला आणि 'केसरी'चा कारभार इथून चालू लागला. म्हणून त्याला गायकवाडवाडा असंही म्हणतात. मानाचा पाचवा गणपती बसतो तो इथेच.

आता एक दुःखाची गोष्ट. १२ जुलै १९६१ला पानशेतचं धरण फुटलं. पाठोपाठ खडकवासल्याचंही फुटलं. मुठेचं पाणी पेठेत शिरलं. जुन्या वाड्यांचे खांब सागवानी, पण भिंती मातीच्या. पाण्यात माती विरघळली आणि पिढ्यान्‌पिढ्यांची घरं बसली. हजारो माणसं उघड्यावर आली. पुढे पुरानंतर उरलेले वाडेही एकेक करून पाडले गेले. त्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या.

म्हणून सांगतो, नावं विसरू नका. भिंती पडल्या तरी जुनी गोष्ट नावात शिल्लक असते. पण ती सांगणारं माणूस मात्र हवं! या रविवारी आजी-आजोबांना विचारा, "आपल्या गल्लीला हे नाव कसं पडलं?" ते सांगतील ते वहीत लिहून ठेवा. उद्या तुम्हालाही कुणीतरी विचारणारच आहे!