वाशीम ते चिखलदरा, मिलिमीटरला एक वर्ष

वाशीम जिल्ह्याला थंड हवेचं ठिकाण नाही. पावसाळा लागला की इथल्या गाड्या चिखलदऱ्याकडे वळतात. तिथला कार्यक्रमही ठरलेला असतो: भीमकुंड, पंचबोल, देवी पॉइंट, गाविलगडावर पायपीट, भर पावसात भाजलेला भुट्टा, परतताना रबडी. सिडकोच्या 407 मीटर लांबीच्या स्कायवॉकची चर्चा तर वर्षानुवर्षं चालूच आहे. या 407 आकड्याचं मला फारसं अप्रूप वाटत नाही, कारण खरे अचाट आकडे वाशीमच्या बसस्टँडपासूनच सुरू होतात आणि त्यांना तिकीट लागत नाही.

पहिली गंमत म्हणजे डोंगरावर जायला आपण आधी डोंगर उतरतो. वाशीम समुद्रसपाटीपासून सुमारे 546 मीटरवर आहे. मालेगाव, मेडशी, पातूर करत गाडी अकोल्याला पोहोचते तेव्हा आपण 282 मीटरवर आलेलो असतो. चिखलदरा 1,118 मीटरवर. म्हणजे अकोल्यापासून चढण 836 मीटरची. दुबईचा बुर्ज खलिफा 828 मीटर उंच आहे. तो बघायला लोक पासपोर्ट काढतात, इकडे लालपरी त्याहून आठ मीटर जास्त चढते आणि आतल्या कुणाला पत्ताही नसतो. किलोमीटरभर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी उतरते, त्या हिशेबाने अकोल्यापेक्षा पाचेक अंशांचा गारवा या चढणीतच मिळून जातो.

आता काळाचं माप घेऊ. समजा, एक वर्ष म्हणजे रस्त्यावरचा एक मिलिमीटर, आणि वाशीमहून अकोल्याकडे निघालो की आपण भूतकाळात जातोय. वाशीम जिल्हा 1998 साली झाला. ते अंतर तीन सेंटीमीटरही भरत नाही. कॅप्टन रॉबिन्सनने 1823 मध्ये चिखलदरा इंग्रजांच्या नजरेस आणला, असं सांगतात. ते वीस सेंटीमीटर. बहमनी सुलतान अहमदशहाने गाविलगड बांधला, ते साठ सेंटीमीटर. वाशीम वत्सगुल्म नावाने वाकाटकांची राजधानी झालं, ते पावणेदोन मीटर. बसस्टँडच्या फाटकापर्यंतसुद्धा आपण अजून गेलेलो नाही.

चिखलदऱ्याभोवतीच्या मेळघाटात रानपिंगळा नावाचं छोटं घुबड आहे. 1884 नंतर ते कुणाला दिसलं नाही, नामशेष झालं असं सगळे धरून चालले होते. 1997 मध्ये ते शहाद्याजवळ पुन्हा सापडलं, पुढे मेळघाटातही. 113 वर्षांची ही गैरहजेरी मापात अकरा सेंटीमीटर. सफारीला जाणाऱ्यांनी वाघापायी झाडांच्या फांद्यांकडे बघायचं सोडू नये.

आणि 1803 च्या इंग्रज-मराठा युद्धाचा शेवट. 29 नोव्हेंबरला अडगावची लढाई, 15 डिसेंबरला गाविलगड पडला, 17 डिसेंबरला भोसल्यांशी देवगावचा तह, 30 डिसेंबरला शिंद्यांशी सुर्जी-अंजनगावचा. सगळं मिळून एक महिना. वऱ्हाडचं राज्य फिरलं, मराठेशाहीचा कणा मोडला, आणि आपल्या मापावर त्याची जाडी डोक्यावरच्या एका केसाएवढी! अकोट, अंजनगाव, परतवाडा या वाटेने गेलं तर त्या महिन्याच्या बऱ्याच खुणा आसपासच आहेत.

माणसाची जात सुमारे तीन लाख वर्षांची, म्हणजे तीनशे मीटर. वाशीम शहर अजून सुटलेलं नाही. त्यानंतर पातूरचा घाट उतरून अकोला जवळ येईपर्यंत फक्त माणूस नसलेला काळ. 66 किलोमीटरवर, म्हणजे सहा कोटी साठ लाख वर्षांमागे, लाव्हा भेटतो. आणि त्याचा मुख्य भाग वाहून संपला तो दहा लाख वर्षांच्या आत, म्हणजे त्या रस्त्यावरच्या जेमतेम एका किलोमीटरात. आज उरलेला दख्खनचा काळा पाषाणच सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरला आहे. महाराष्ट्र तीन लाखांच्या थोडा वर.

घाटात दरड कापलेली दिसली तर गाडी सुरक्षित जागी लावून जवळून बघा. काळ्या थरांच्या मध्ये कधीकधी वीतभर, कधी जास्त, विटकरी लाल पट्टा असतो. एका लाव्ह्यावर माती धरली, तिच्यावर दुसरा लाव्हा आला आणि ती भाजून निघाली. त्याच खडकाच्या भोकांत पांढऱ्या गारा बसलेल्या असतात.

वाशीमचा आणि चिखलदऱ्याचा खडक एकाच कुळीतला आहे. गाविलगडाच्या पायथ्याशी जमीन तुटली आणि मधला पूर्णेचा पट्टा खचला. त्या खड्ड्यात साचलेला गाळ काही ठिकाणी शेकडो मीटर जाड आहे. खारपाणपट्टा म्हणतात तो हाच. चिखलदऱ्याच्या कड्यावरून नजर दक्षिणेला टाकली की सपाट दिसतं ते हे. त्या सपाटीपासून आठशे मीटर उंचीवरून, पृथ्वीची गोलाई धरून, क्षितिज शंभर किलोमीटरवर पडतं. पातूरकडची पठाराची कड त्याहून थोडी लांब, पण ती स्वतःच उंच असल्याने कागदावर तरी दिसायला हवी. धुकं आणि धूळ तेवढी सवलत देत नाहीत, ही गोष्ट वेगळी.

उरला पाऊस. चिखलदऱ्याच्या माथ्यावर दोन थेंब शेजारी पडले तर एक उत्तरेला सिपन्यातून तापीत जातो, दुसरा दक्षिणेला चंद्रभागेतून पूर्णेत. डोंगर त्यांना वेगळं करतो, पण जळगाव जिल्ह्यात चांगदेवला पूर्णा तापीला मिळते आणि त्यांची पुन्हा गाठ पडते. वाशीमच्या पठारावरच्या दोन थेंबांचं तसं नाही. काटेपूर्णेत पडलेला पूर्णेत येतो, चिखलदऱ्याच्या पाण्यात मिसळून सुरतेजवळ अरबी समुद्राला लागतो. अरुणावतीत पडलेला पैनगंगा, वर्धा, प्राणहिता, गोदावरी असा थेट बंगालच्या उपसागरात. दोन मुखांमध्ये सरळ रेषेत हजार किलोमीटरहून जास्त अंतर आहे.