जुन्या पिकअपला जुन्या बाजारची सीट

बैलगाडीची जागा पिकअपनें घेतली त्याला आतां पुष्कळ वर्षें लोटलीं. माधवनगरच्या एका अंगास सांगलीचा हळदीचा व गुळाचा बाजार, तर दुसऱ्या अंगास तासगांवचा द्राक्षांचा व बेदाण्याचा मुलूख. या वाटेनें माल नेणारी गाडी पुष्कळदां घरचीच व दहा-पंधरा वर्षांची जुनी असते. मालक तिचें ऑइल वेळेवर बदलतो, टायर तपासतो, हौद्याला रंग देतो. परंतु ज्या सीटवर तो स्वतः बसतो, तिची आठवण त्यास कंबर धरल्यावरच होते. रेक्झिन फाटतें, फोमाचा भुगा होतो, स्प्रिंगची तार टोंचूं लागते. मग वर गोणपाट अंथरून काम भागविलें जातें. ही काटकसर नव्हे, हें आम्ही प्रथमच सांगून ठेवितों.

बसलेल्या मनुष्याचें धड सेकंदास सुमारें ४ ते ८ वेळां होणाऱ्या उभ्या हेलकाव्यानें सर्वांत अधिक हादरतें, असें शास्त्रज्ञांच्या अभ्यासांत दिसून आलें आहे. युरोपांत २००२ सालीं कामगारांच्या अंगांत जाणाऱ्या अशा कंपास कायद्यानें मर्यादा घालण्यांत आली. आपल्या पिकअपची तर गोष्टच निराळी. तिचे मागील पाटे भरलेल्या मालाच्या हिशेबानें केलेले असतात. त्यामुळें माल उतरवून रिकामी परतणारी गाडी भरल्या गाडीपेक्षां अधिक आदळते. हे हादरे कंबरेपर्यंत पोंचण्यापूर्वीं अडविणारी शेवटची वस्तु म्हणजे सीट होय.

नवी सीट महाग पडते, म्हणून शेतकरी भंगारवाल्याकडे वळतो. यांत आम्हांस कांहींच वावगें दिसत नाहीं. मोडींत निघालेल्या त्याच जातीच्या गाडीची सीट म्हणजे मूळ कारखान्याचाच माल. परंतु घेणारा बहुधा गादी दाबून पाहतो व कव्हराचा रंग पसंत करितो. सीटची खरी किंमत गादींत नसून तिच्या पायांत आहे, हेंच आम्हांस या लेखांत मुख्यत्वें सांगावयाचें आहे.

याचा हिशेब सोपा आहे. जोराच्या टकरींत सीटच्या जोडांवर काय ताण येतो हें पाहण्यासाठीं संयुक्त राष्ट्रांच्या १७ क्रमांकाच्या वाहन-नियमांत गुरुत्वाच्या २० पट झटका धरलेला आहे. सीट २० किलोची असेल तर त्या क्षणीं ती ४०० किलोच्या जोरानें पुढें ओढ घेते. वर बसलेल्या ७० किलोच्या मनुष्याचा जोर याच हिशेबानें १४०० किलो होतो. पट्टा ज्यांत अडकतो तें लॉक कित्येक मोटारींत सीटच्याच सांगाड्याला जोडलेलें असतें. तशी सीट बसविली म्हणजे या १४०० किलोंचा मोठा वांटा सीटच्या चार बोल्टांवर येतो. त्या बोल्टांखालीं गंजका पत्रा असेल, तर पट्टा बांधूनहि उपयोग नाहीं.

आतां निवड कशी करावी तें पाहूं. अपघातांत सांपडलेल्या गाडीची सीट घेऊं नये; तिच्या सांगाड्यानें एकदां झटका सोसलेला असतो आणि वांक डोळ्यांस दिसेलच असें नाहीं. दुसरी गोष्ट आपल्या भागापुरती विशेष महत्त्वाची आहे. कृष्णेच्या २००५, २०१९ व २०२१ सालच्या पुरांत सांगलीकडे पाणी वस्तींत शिरलें. पाण्यांत बुडालेल्या गाडीची सीट वरून धुवून नवी दिसते, पण फोमाच्या पोटांत गाळ व स्प्रिंगेत गंज राहतो. सबब सीट उलटी करून पाहावी. सरकण्याच्या रुळांत वाळलेला चिखल, शिवणींत मातीची रेघ किंवा फोमास कुबट वास आढळल्यास ती सीट सोडून द्यावी. रूळ दोन्ही बाजूंनीं एकदम अडकतात कीं नाहीं, पाठ हलविल्यास खडखडते कीं काय, हेंहि तपासावें. शेवटीं विक्रेत्याकडून पावती घ्यावी. चोरीचा माल जाणूनबुजून घेणें हा गुन्हा आहे.

नव्या मोटारींच्या कांहीं सीटांच्या कुशींत एअरबॅग असते. बाजूस तशी पट्टी दिसल्यास किंवा खालून पिवळ्या जोडाची तार निघाल्यास ती सीट शेतकऱ्यानें घेऊं नये. तिच्यांत स्फोटक द्रव्य असतें व घरीं खोलतांना तें उडूं शकतें.

जुनी सीट काढण्यापूर्वीं तीन मापें लिहून ठेवावीं : तळापासून गादीची उंची, गादीपासून स्टिअरिंगचें अंतर आणि पाठीपासून क्लचचें अंतर. क्लच पूर्ण दाबल्यावरहि गुडघा किंचित् वांकलेला राहिला पाहिजे. डोकें व छत यांमध्यें मूठभर जागा उरली पाहिजे. कित्येक गाड्यांत जॅक व पाने सीटमागें असतात. टाटा एससारख्या गाडींत तर इंजिनच सीटखालीं आहे. तेथें न उचलतां येणारी सीट बसविली तर पुढें प्रत्येक दुरुस्तीस ती सोडावी लागेल.

बोल्ट बसवितांना डोक्यावरील आंकडा वाचावा. ८.८ अंकाचा बोल्ट ४.६ अंकाच्या साध्या बोल्टाच्या दुप्पट ताण सोसतो. मूळचीं भोकें जुळत असतील तर उत्तमच. जुळत नसल्यास पातळ पत्र्यांत नवें भोंक पाडून नुसता नट आवळूं नये. पत्र्याखालीं जाड लोखंडी पट्टी द्यावी आणि हें काम जाणत्या कारागिराकडून करून घ्यावें. वेल्डिंगपूर्वीं फोम काढून दूर ठेवावा. तो पेटला तर धुरांतून विषारी वायु निघतात. पट्ट्याचीं मूळचीं ठिकाणें मात्र हलवूं नयेत.

कायद्याची बाजूहि ध्यानांत असूं द्यावी. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ प्रमाणें गाडीच्या नोंदणीपत्रांतील मूळ तपशिलाशीं विसंगत होईल असा बदल करतां येत नाहीं. नोंदणीपत्रांत बसणाऱ्यांची संख्या लिहिलेली असते. तिघांची गाडी दोघांची करणें किंवा मागें जादा बांक लावणें हें म्हणूनच टाळावें. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पट्टा न बांधल्यास १००० रुपये दंड आहे. पण दंडापेक्षां वरील १४०० किलोंचा हिशेब अधिक विचारांत घेण्यासारखा आहे.

आणखी एक सूचना. सीटचा मूळ सांगाडा व रूळ शाबूत असून केवळ गादी बसली असेल, तर दुसरी सीट शोधण्याआधीं त्याच सांगाड्यावर नवा फोम व नवें रेक्झिन घालण्याचा खर्च विचारावा. त्यांत भोकें, मापें व पट्टा यांचा प्रश्नच उद्भवत नाहीं. सांगाडा गंजला असेल तरच त्याच जातीच्या गाडीची सीट पाहावी, आणि तीहि न मिळाल्यास मगच परकी.

बैलाच्या खांद्यास फोड आला तर आपले वडीलधारे जूं बदलून मगच औत जुंपीत. गाडी हांकणाराच्या कंबरेचीहि तेवढीच काळजी घ्यावी. हंगामाच्या ऐन गर्दींत हें काम होणें नाहीं. यास्तव माल निघण्यापूर्वींच एक दिवस काढून सीट उलटी करावी व तिचे पाय पाहावे, अशी आमची शेतकरी बंधूंस विनंती आहे.