सुलतानाच्या नावातलं व्याकरण

दिल्लीतल्या मेहरौलीत इल्तुतमिशची कबर आहे. १२११ ते १२३६ दिल्लीवर राज्य केलेल्या या सुलतानाच्या नावात तुर्कीचं व्याकरण जसंच्या तसं बसलेलं आहे: 'इल' म्हणजे राज्य, 'तुत' म्हणजे धरणं आणि 'मिश' हा भूतकाळी प्रत्यय. हे तिन्ही तुकडे मंगोलियातल्या ओर्खोन खोऱ्यातल्या, ७३२ सालच्या क्युल तेगिन शिलालेखातही सापडतात. मधे सुमारे ३,००० किलोमीटर आणि जवळजवळ ५०० वर्षं! त्याच शिलालेखात चितारी-कोरक्याला 'बेदिझची' म्हटलंय. तोच 'ची' फारसीच्या वाटेनं आपल्या मशालची, नगारचीत आला.

सगळ्या तुर्की भाषांची मूळ भाषा मात्र या शिलालेखाहूनही जुनी, साधारण २,००० वर्षांपलीकडची. तिची एकही ओळ लिहिलेली नाही. इस्तंबूल ते सायबेरियातलं याकुत्स्क, साडेसहा हजार किलोमीटर. या पट्ट्यात आज १५ कोटींहून अधिक लोक तिच्या तीसेक लेकी बोलतात. साक्षीदार त्याच.

'पाय' घ्या. तुर्कस्तानात 'अयाक', खाकास भाषेत 'अझाख', साखा भाषेत 'अताख', चुवाश भाषेत 'उरा'. एकाच जागी य, झ, त, र. आता भूर्जाच्या जुन्या नावाची रूपं त्याच क्रमानं बघा: 'कायन', 'खाझंग', 'खातंग', 'खुरन'. पुन्हा य, झ, त, र! असं शब्दामागून शब्दात घडतं, तेव्हा तो योगायोग उरत नाही. अभ्यासक मूळ ध्वनी 'द'च्या जवळचा मानतात. अकराव्या शतकात महमूद काशगरीनं कोणत्या टोळ्या या जागी कोणता ध्वनी उच्चारतात, हे नोंदवूनच ठेवलंय.

व्याकरणाचा हिशेबही असाच. तुर्कस्तानच्या तुर्कीत 'एव' म्हणजे घर. वचनं २, मालकीचे पर्याय ७ (सहा मालक आणि बिनमालकीचं एक), विभक्ती ६: गुणाकार ८४. 'एव-लेर-इम-दे' म्हणजे 'माझ्या घरांमध्ये'. कझाक लोक 'उय-लेर-इम-दे' म्हणतात. क्रम तोच, प्रत्यय तेच. चुवाश मात्र अनेकवचनाला 'सेम' लावते, तेही मालकीच्या प्रत्ययानंतर. त्यामुळे मूळ भाषेत 'लेर' होताच, असं छातीठोकपणे सांगता येत नाही.

सगळ्या तुर्की भाषा बोलणाऱ्यांत चुवाशभाषक शंभरात एकही भरत नाहीत. पण फार पूर्वी वेगळ्या झालेल्या शाखेची ही एकमेव जिवंत भाषा आहे. बाकी सगळ्यांचं एकमत झालं, तरी ते मूळ भाषेपर्यंत पोचतं की नाही, हे चुवाशला विचारल्याशिवाय ठरत नाही. म्हणून चुवाश घरांतली मुलं आज कोणती भाषा बोलतात, यावर दोन हजार वर्षांच्या इतिहासाचा जिवंत पुरावा अवलंबून आहे.