कोंबडीची तहान आणि शून्याखालचा पारा

या रे पोरांनो, जवळ बसा. आज तुम्हाला अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात नेतो. तिथे जानेवारीच्या रात्री पारा शून्याखाली 20 अंशांपर्यंत सहज उतरतो. एवढ्या थंडीत परसातल्या कोंबड्या गारठून जात असतील, असं वाटतं ना? छे! पिसं फुगवून, एकमेकींना खेटून त्या खुशाल बसतात. त्यांचं अंग आपल्यापेक्षा गरम, 41 अंशांच्या आसपास असतं. त्यांना खरा धोका भांड्यातल्या बर्फाचा.

कोंबडी दिवसाला साधारण पाव लिटर पाणी पिते. अंड्यात तीन चतुर्थांश पाणीच असतं. मग पाण्यावाचून अंडं येणार कुठून? शिवाय तिला दात नाहीत. टिपलेला दाणा आधी गळ्याखालच्या पिशवीत भिजतो, मग पोटात दळला जातो. म्हणून तहानलेली कोंबडी दाणाही सोडते.

आता पाण्याची करामत ऐका. लिटरभर पाणी 20 अंशांवरून शून्यावर येताना जेवढी उष्णता टाकतं, त्याच्या चौपट उष्णता त्याला नुसतं गोठायला टाकावी लागते! म्हणूनच शून्यावर पोचलेलं पाणी एकदम गोठत नाही, रेंगाळतं. पसरट, उथळ भांड्यातलं लवकर हरतं, मोठ्या खोल भांड्यातलं बराच वेळ तग धरतं. आणि बर्फ धरतो तो वरून, नेमका चोच टेकते तिथेच.

तिथले लोक काळं रबरी घमेलं वापरतात. काळा रंग ऊन शोषतो. तरीही बर्फ झालाच, तर घमेलं पालथं घालून वरून पाय दिला की ढेप सुटते. गोठताना पाणी सुमारे 9 टक्के फुगतं. त्या रेट्याने कडक प्लास्टिक तडकतं, रबर मात्र लवतं.

आणि रात्री? अहो, अंधार पडला की कोंबडी दांडीवर चढून झोपते, पाण्याला शिवतही नाही! मग संध्याकाळी भांडं घरात घ्यायचं आणि उजाडताच कोमट पाणी भरून ठेवायचं. रात्री ते खुराड्यात नसलेलंच बरं. पाणी सांडून हवा दमट झाली, की तुऱ्याला हिमदंश होतो आणि त्याची टोकं काळी पडतात.

एक मात्र पक्कं ध्यानात ठेवा. मीठ घातलं तर पाणी उशिरा गोठतं हे खरं, पण खारं पाणी कोंबडीला विषासारखं बाधतं. तिच्या पाण्यात मीठ कधीही घालू नका.