डी.बी.एस. शस्त्रक्रियेनंतर कंपवाताच्या रुग्णाची गृहपरिचर्या

कंपवाताच्या चिकित्सेत ‘डीप ब्रेन स्टिम्युलेशन’ अर्थात डी.बी.एस. ही शस्त्रक्रिया आता रुळली आहे. फ्रान्समधील ग्रेनोबल येथे बेनाबिद यांनी १९८७ साली या आधुनिक पद्धतीचा पाया घातला. अमेरिकेत पार्किन्सन्स व्याधीसाठी तीस २००२ साली मान्यता मिळाली. शस्त्रक्रिया झालेले रुग्ण बल्य औषधे व अभ्यंगासाठी आपल्याकडे येतात. त्यांच्याबाबत घ्यावयाच्या दक्षतेचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

या शस्त्रक्रियेत मेंदूतील विशिष्ट केंद्रात सूक्ष्म विद्युत्‌अग्रे बसवून ती त्वचेखालील तारेने अक्षकास्थीखालील स्पंदकयंत्रास जोडतात. कंप, स्तंभ व गतिमांद्य यांत उपशय मिळतो. परंतु व्याधी याप्यच राहते. वाणी व तोल यांत तितका लाभ होत नाही, म्हणून पडण्यापासून रक्षण व वाणीचा व्यायाम चालूच ठेवावा.

शस्त्रक्रियेनंतर काही दिवस यंत्र सुरू करण्यापूर्वीच लक्षणे कमी झालेली दिसतात. हा स्थानिक शोथाचा तात्पुरता परिणाम असून तो ओसरताच कंप परततो. ‘शस्त्रक्रिया फसली’ असे मानून कुटुंबीय खचतात. त्यांना ही गोष्ट आधीच समजावून सांगावी. यंत्राचे समायोजन सामान्यतः काही आठवड्यांनी सुरू होते व पुढे अनेक महिने चालते.

व्रण पूर्ण भरून शल्यचिकित्सकाची अनुमती मिळेपर्यंत शिरोभ्यंग, शिरोधारा, शिरोबस्ती व शिरोलेप वर्ज्य समजावेत. व्रणावर तेल वा चूर्ण लावू नये. पुढेही यंत्र व तारेच्या मार्गावर मर्दन करू नये. यंत्र त्वचेखाली फिरविल्यास तार तुटू शकते. व्रणाच्या ठिकाणी लाली, शोथ, स्राव अथवा ज्वर आढळल्यास घरगुती उपचारात वेळ दवडू नये.

सर्वाधिक दक्षता कपिकच्छूबाबत हवी. तिच्या बीजात लेव्होडोपा निसर्गतःच असते. रुग्ण घेत असलेल्या गोळीतील कार्बिडोपामुळे त्याचा प्रभाव अधिकच वाढतो. परिणामी अनैच्छिक हालचाली, हृल्लास, उभे राहताच भोवळ किंवा भ्रम उद्भवू शकतो. शिवाय यंत्राचे समायोजन करणाऱ्या तज्ज्ञास या सेवनाची कल्पना नसेल, तर तो हा दोष यंत्राचा मानून मात्रा बदलेल. औषधी दुकानदारांनी ‘ताकदीचे चूर्ण’ म्हणून ती देण्यापूर्वी रुग्ण कोणत्या गोळ्या घेतो हे अवश्य विचारावे. सर्पगंधा तर देऊच नये. तीतील रिसर्पीन डोपामिनचा साठा घटविते. लोहाच्या गोळ्या लेव्होडोपाचे शोषण कमी करतात. म्हणून लोहकल्प दोन तासांच्या अंतराने द्यावेत. प्रथिनयुक्त आहारही त्याच्या शोषणात अडथळा आणतो, यास्तव गोळी भोजनापूर्वी अर्धा तास घेणे इष्ट. कोणतीही गोळी रुग्णाने आपणहून बंद करू नये.

शेकासाठीची डायथर्मी, मग ती शॉर्टवेव्ह, मायक्रोवेव्ह वा अल्ट्रासाउंड असो, या रुग्णास सर्वथा निषिद्ध आहे. विद्युत्‌अग्रे तापून मेंदूस गंभीर इजा होते. चुंबकीय उशा व पट्टे यंत्राजवळ नेऊ नयेत. एम.आर.आय. यंत्राच्या प्रकारानुसार व तज्ज्ञांच्या संमतीनेच करावा. यंत्राचे ओळखपत्र रुग्णाने सदैव जवळ बाळगावे.

बॅटरी संपल्याने वा यंत्र बंद पडल्याने लक्षणे अकस्मात उसळतात. तीव्र स्तंभ, ज्वर किंवा गिळण्यास कष्ट ही आत्ययिक अवस्था होय. रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे. औदासीन्य, अतिखर्च, जुगाराची ओढ वा आत्मघाताचे विचार यांकडेही कुटुंबीयांनी ‘स्वभाव बदलला’ म्हणून दुर्लक्ष करू नये.

मलावरोधावर योग्य आहार व मृदु अनुलोमन, शाखांचे हलके अभ्यंग, निद्रेचे नियमन व परिचारकास धीर, एवढे क्षेत्र वैद्यासाठी मोकळे आहे. आपल्या प्रत्येक योगाची नोंद रुग्णाच्या कागदपत्रांत स्पष्ट अक्षरांत लिहावी, म्हणजे दोन्ही चिकित्सक एकाच रुग्णाची चिकित्सा जाणतेपणाने करू शकतील.